पन्नास मुलं, पस्तीस मिनिटं आणि नाटक: आठवी-नववीच्या शिक्षकांसाठी

डिसेंबरच्या तोंडावर शाळांना नाटकाची आठवण होते. स्नेहसंमेलनाची तारीख फळ्यावर लागते, वर्गातली पाच-सहा ‘स्टेजवर बोलणारी’ मुलं उचलली जातात, कुठूनतरी झेरॉक्स केलेली संहिता येते आणि तीन आठवड्यांत नाटक बसतं. बसतंही बरं. पण त्या पाच-सहा जणांना आधीपासून बोलता येतच होतं. उरलेले पंचेचाळीस टाळ्या वाजवायला असतात.

हा लेख त्या पंचेचाळीस जणांसाठी आहे. रंगमंच नाही, दिव्यांचा संच नाही, आठवड्याला एक-दोन तासिका मिळतात, अशा साध्या शाळेत जुलैपासून जानेवारीपर्यंत अख्ख्या वर्गाला नाट्यकौशल्यं कशी शिकवता येतील, त्याची ही रीत. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: संहिता उशिरा आणा. ऐकणं, शरीर, आवाज आणि उत्स्फूर्त प्रसंग यांवर निदान दहा-बारा आठवडे गेल्याशिवाय मुलांच्या हातात लिहिलेले संवाद देऊ नका. कागद हातात आला की मूल समोरच्याकडे बघायचं थांबतं आणि स्वतःचं पुढचं वाक्य आठवत बसतं. ही सवय एकदा लागली की रंगीत तालमीपर्यंत सुटत नाही.

‘संहितेशिवाय कसलं नाटक?’ असं कोणी विचारलं तर त्यांना कोकणात न्या. दशावताराची मंडळी आख्यान ठरवतात, भूमिका वाटून घेतात आणि संवाद रंगमंचावरच रचतात. तमाशातली बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग, तोही असाच ऐन वेळी फुलतो. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक उभं केलं, तेव्हा पदं लिहिलेली होती आणि गद्य भाषणं मात्र नट आपल्या अकलेनं करत. आपली रंगभूमी सुरू झाली तीच मुळी अशी.

जागा, वेळ आणि खंजिरी

मुख्याध्यापकांकडे जाताना मोठे शब्द नकोत. मागणी दोनच गोष्टींची: आठवड्यातून एक जोडतास आणि बाकं सरकवण्याची परवानगी. एकच तासिका मिळाली तर बाकं हलवणं, हजेरी आणि बाकं पुन्हा लावणं यातच दहा-बारा मिनिटं जातात. कला किंवा कार्यानुभवाच्या तासाला लागून मराठीची तासिका टाकून घेता आली तर उत्तम. भाषेच्या पुस्तकात नाट्यउतारा असतोच, त्याचा आधार दाखवता येतो. वर्ग अगदीच चिंचोळा असेल तर प्रार्थनेचा हॉल, तोही नसेल तर रुंद व्हरांडा. पटांगणाच्या भरवशावर राहू नका. जुलै-ऑगस्टात तिथे चिखल आणि नंतर खेळाचे तास.

पन्नास जण एकदम हलले की गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गावरचे सर दारात येतात. म्हणून वर्गाचे दोन भाग करा. पंचवीस जण करतील, पंचवीस बघतील. बघणाऱ्यांना रिकामं बसवू नका. प्रत्येकाला एक नाव द्या: ‘तू फक्त त्याच्याकडे बघ, आणि नंतर तो कुठल्या क्षणी खरा वाटला ते सांग.’ नाटक बघायला शिकणं हेही या विषयातलं अर्धं काम आहे, आणि ते बाकावर बसूनच होतं.

थांबण्याची खूण पहिल्याच दिवशी पक्की करा. शिट्टी नको, तिचा संबंध पीटीशी जुळलेला असतो. टाळीही नको, मुलं टाळीला टाळी देतात. खंजिरी किंवा डफ चांगला. एक थाप पडली की आहे त्या जागी, आहे त्या अवस्थेत गोठायचं. दोन थापा पडल्या की जागेवर येऊन बसायचं. पहिली पंधरा मिनिटं निव्वळ हाच खेळ खेळा. हे नीट झालं नाही तर पुढचं काहीच होणार नाही.

त्याच दिवशी तीन नियम फळ्यावर लिहा. प्रसंगाला हसायचं, माणसाला नाही. ‘आज नको’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी विचारायचं. तेरा ते पंधरा हे अवघड वय आहे. मुलगा-मुलगी अशा जोड्या जबरदस्तीनं लावल्या की अख्खा वर्ग खिदळतो आणि दोघं महिनाभर तोंड लपवतात. पाच-सहा जणांचे गट करा, त्यात आपोआप मिसळण होते.

शरीर आणि कान: पहिले तीन-चार आठवडे

सुरुवात चालण्यानं करा. सगळे मोकळ्या जागेत चालतात, एकच अट: जागा सगळीकडे सारखी भरलेली दिसली पाहिजे. कुठे गर्दी झाली की पलीकडे खड्डा पडतो, तो भरायला कोणीतरी जायचं. खंजिरी वाजली की थांबायचं. मग त्यात भर घालत जा: उन्हात अनवाणी चाला, भरलेली घागर कमरेवर आहे, ढोपरभर पाण्यात आहात, निकालाच्या दिवशी शाळेकडे निघालात. शेवटच्या सूचनेला काही मुलं लगेच छाती धरून तोंड वेडंवाकडं करतील. त्यांना थांबवून विचारा, ‘निकालाच्या दिवशी तू खरंच असा चालतोस?’ बहुतेक मुलं म्हणतील, नाही, मी नेहमीपेक्षा जास्त नॉर्मल चालतो. त्याला तेच करायला सांगा.

नंतर जोडीनं आरसा: एक हलतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब. हात न लावता, हळू, एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत. हुशार मुलं इथे जोडीदाराला फसवायला झटके देतात. त्यांना सांगा की बाहेरून बघणाऱ्याला कोण पुढे आणि कोण मागे हे ओळखू आलं तर दोघंही हरले. काही मिनिटांत झटके बंद होतात.

या टप्प्यावर सर्वांत जास्त फळ देणारा व्यायाम म्हणजे स्थिर चित्र. पाच जणांच्या गटाला विषय द्या, उदाहरणार्थ ‘एसटी स्टँड, शेवटची गाडी नुकतीच सुटली’. तीन मिनिटांत त्यांनी गोठलेलं दृश्य उभं करायचं. पहिल्या खेपेला पाचही जण एका ओळीत, प्रेक्षकांकडे तोंड करून, हात वर करून गाडी थांबवत असतात. मग तुम्ही विचारायचं: गाडी कुठे आहे? सगळ्यांना तीच गाडी हवी होती का? ज्याला नको होती असा कोणी आहे? लगेच चित्र बदलतं. एकजण सामानावर बसतो, एकीची पाठ होते, एक कंट्रोल रूमच्या खिडकीत वाकतो, आणि कुठलीही गाडी नको असलेला भजीवाला मजेत बघत असतो. आता तुम्ही फिरत फिरत एकेकाच्या जवळ थांबा. ज्याच्याजवळ थांबाल त्यानं मनातलं एक वाक्य मोठ्यानं बोलायचं. एकच. ‘आता आण्णांना फोन करावा लागणार.’ ‘सुट्टे परत मिळतील का?’ नाटकातलं पहिलं संवादलेखन असं होतं आणि ते वर्गातलं सगळ्यात गप्प मूलही करतं.

लेव्हल (कोण उभा, कोण बसलेला, कोण वाकलेला), समूहरचना, लक्ष कुठे खेचायचं हे रंगमंचाचं व्याकरण मुलांना इथेच कळतं. व्याख्यान देण्याची गरज पडत नाही.

आवाज

रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. ताठ बसून हात पोटावर, श्वास घेताना पोट पुढे येतंय का ते पाहायचं, मग ‘स’ लांबवत श्वास सोडायचा. पहिल्या आठवड्यात आठ-दहा आकड्यांत दम संपतो, महिन्यात तो वाढलेला मुलांना स्वतःलाच कळतो. मग ओठ मिटून ‘म्’चा गुंजारव. जीभ सुटायला ‘काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले’, ‘कच्चा पापड पक्का पापड’ आहेतच. पण वेगाच्या शर्यती लावू नका, आधी हळू आणि स्वच्छ.

मराठी बोलताना नटांची एक खास अडचण होते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नवशिक्या मुलाचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी उद्या सहलीला येणार नाही’ यातला ‘नाही’ पडला की शेवटच्या रांगेतल्या माणसाला अगदी उलटं ऐकू जातं. हा व्यायाम मुद्दाम करा. वर्गाच्या एका टोकाला बोलणारा, दुसऱ्या टोकाला पाठ करून उभा ऐकणारा. बोलणाऱ्यानं कधी ‘आहे’वर, कधी ‘नाही’वर संपणारी वाक्यं बोलायची, ऐकणाऱ्यानं नुसता हात वर-खाली करायचा. ओरडलेलं चालणार नाही. ओरडणाऱ्या मुलाचे शब्द एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तो इथे हमखास हरतो आणि मोठा आवाज वेगळा, पोचणारा आवाज वेगळा हे सगळ्या वर्गासमोर सिद्ध होतं.

आघातासाठी आपल्याकडे ‘च’सारखं हत्यार आहे. ‘मीच तुला पुस्तक दिलं’, ‘मी तुलाच पुस्तक दिलं’, ‘मी तुला पुस्तकच दिलं’. आधी ‘च’ लावून म्हणायला सांगा, मग ‘च’ काढून तोच अर्थ केवळ आवाजानं आणायला सांगा. याच्या पुढची पायरी फार गमतीची: दोघांनी फक्त ‘बरं’ आणि ‘हो’ एवढ्याच शब्दांत एक अख्खा प्रसंग करायचा. घरमालक आणि भाडेकरू. उशिरा आलेला मुलगा आणि दार उघडणारे बाबा. ‘बरं’मध्ये परवानगी असते, धमकी असते, समजूत असते, आणि ‘विषय संपला’ हेही असतं. मुलांना हे घरात रोज ऐकून माहीत असतं.

दोन गोष्टी सांभाळा. या वयात मुलग्यांचा आवाज फुटत असतो. वरच्या पट्टीतली गाणी, किंकाळ्या, राक्षसाचं हसणं त्यांच्याकडून वारंवार करून घेऊ नका, आणि चिरकलेल्या आवाजावर कोणी हसलं तर पहिल्या नियमाची आठवण द्या. दुसरं, बोली. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी, जी मुलांच्या तोंडात असेल ती वर्गात चालू द्या. ‘ण’ला ‘न’ म्हणणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यात टोकलंत तर तो उरलेलं वर्ष गप्प बसेल. प्रमाण मराठी हा नाटकातल्या पोशाखांपैकी एक पोशाख आहे; पात्राला लागेल तेव्हा चढवायचा. पोवाड्यातल्या सरदारापासून बँकेतल्या बाईंपर्यंत पात्रं करायची वेळ आली की ‘ण’ आणि ‘ळ’ची मेहनत मुलं स्वतःहून मागतात.

उत्स्फूर्त प्रसंग: खरं शिक्षण इथे

ऑगस्टच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा सगळा वेळ याला द्या. प्रत्येक प्रसंगासाठी चार गोष्टी ठरल्या पाहिजेत: कोण, कुठे, काय हवंय आणि आड काय येतंय. चौथी गोष्ट विसरली की प्रसंग म्हणजे गप्पा होतात. विषय घरा-गल्लीतले घ्या. रेशन दुकानाची रांग. शेजारच्या गॅलरीत गेलेला चेंडू. आजीला व्हिडिओ कॉल लावून देणं. फॉर्म भरायची शेवटची तारीख आणि बंद पडलेला सर्व्हर. भाड्याची खोली रिकामी करतानाची संध्याकाळ.

वेळ दोन मिनिटं, खंजिरी तुमच्या हातात. नियम एकच: समोरच्यानं जे सांगितलं ते खोटं पाडायचं नाही. तो म्हणाला ‘डॉक्टर, माझं बोट’, तर तुम्ही डॉक्टर. ‘मी कुठे डॉक्टर, मी पोस्टमन’ म्हटलं की बाकीचे हसतात आणि प्रसंग मरतो. ते हसू मुलांना फार आवडतं, म्हणून सुरुवातीला हा नियम पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

शिवाय एक बंदीची यादी लावा. चापट नाही, दारुडा नाही, मरण नाही, फोनवर आलेली बातमी नाही, मालिकेतला किंवा रीलमधला संवाद नाही. मुलांचे पहिले सगळे प्रसंग या पाचांवरच चालतात. ते काढून घेतले की त्यांना दुसरं काहीतरी शोधावंच लागतं.

आता एक प्रसंग जवळून पाहू. सहलीचे पैसे हवेत, आईकडे मागायचेत. पहिल्या फेरीत बहुतेक वर्गांत असं होतं:

‘आई, सहलीचे पैसे दे.’
‘नाहीत पैसे.’
‘दे ना.’
‘नाहीत म्हटलं ना!’

चार वाक्यांत रस्ता संपला. यानंतर मुलगा रडतो किंवा आई हात उगारते. इथे ‘अजून भावना आण’ असं सांगून काही होत नाही. भावना सांगून येत नसते, काम दिलं की येते. आईला काम द्या: ती तांदूळ निवडतेय आणि तिनं मान वर करायची नाही. मुलाला बंधन घाला: ‘पैसे’ हा शब्द उच्चारायचा नाही. दुसऱ्या फेरीत साधारण हे मिळतं:

‘सरक ना जरा. अर्धे मी निवडतो.’
‘आज सूर्य कुठून उगवला?’
‘सूर्य नाही, बस. गुरुवारी, सकाळी साडेसहाला.’
(बोटं चालूच.) ‘सगळा वर्ग जाणारे?’
‘सगळा. म्हणजे... बरेचसे.’
‘तो खडा दिसत नाही का तुला?’

कोणी ‘नाही’ म्हटलेलं नाही, आणि नकार मिळालेला आहे. आता बघणाऱ्या पंचवीस जणांना विचारा: आईला नेमकं कुठल्या शब्दाला कळलं? काही म्हणतील ‘बस’ला, काही म्हणतील ‘सरक’लाच. वाद होऊ द्या. ‘बरेचसे’च्या आधीचा थांबा कोणाच्या लक्षात आला? तो थांबा मुलानं ठरवून घेतला नव्हता. त्याला खोटं बोलवेना म्हणून तो आला. संवादाखाली दडलेला अर्थ ही कल्पना फळ्यावर समजावायला दोन तास लागतात आणि तरी उमजत नाही. अशा एका प्रसंगात ती हाती लागते.

मग तिसरी फेरी: अदलाबदल करा, मुलगा आई होऊ दे. चौथी: सगळं कुजबुजीत, कारण आजोबा झोपलेत. पाचवी: शब्दांशिवाय. मुलांना प्रत्येक वेळी नवा विषय हवा असतो. तो देऊ नका. कौशल्य वाढतं ते त्याच प्रसंगात पुन्हा शिरल्यानं.

छेडछाड, चिडवणं, जातीवरून किंवा रंगावरून टोमणे अशा विषयांसाठी ब्राझीलचे ऑगस्तो बोआल यांनी रुजवलेली रीत उपयोगी पडते. प्रसंग एकदा पूर्ण करायचा. दुसऱ्यांदा करताना बघणाऱ्यांपैकी कोणीही हात वर करून थांबवायचं आणि त्रास सोसणाऱ्या पात्राच्या जागी स्वतः उभं राहून वेगळं काही करून पाहायचं. बदलायचं ते सोसणारं पात्र. त्रास देणारा तसाच ठेवायचा. नाहीतर ‘आणि मग तो सुधारला’ असा सुटसुटीत शेवट मुलं लगेच काढतात.

इथे सावध राहा. व्यसनी वडील, आत्महत्या, घरातली मारहाण हे विषय कुठल्यातरी मुलाच्या घरी चालू असतात. ‘स्वतःच्या आयुष्यातला दुःखद प्रसंग करून दाखव’ असं कधीही सांगू नका. पात्राला नेहमी वेगळं नाव द्या, आणि जड प्रसंग संपल्यावर दोघांनी हात-पाय झटकून मोठ्यानं स्वतःचं नाव सांगून बाहेर यायचं, ही प्रथा पाडा. एखादं मूल प्रसंगानंतर गप्प झालं तर वर्गासमोर चौकशी नको. तास संपल्यावर, एकटं गाठून.

संहिता आणायची वेळ

पाच नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन अनेकदा दिवाळीच्या सुट्टीत निघून जातो. सुट्टी संपल्यावर संहितेकडे वळा.

तयार नाटक घ्यायचं असेल तर आधी ते कोणासाठी लिहिलंय ते पाहा. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटर ही बालनाट्यसंस्था सुरू केली, पुढे रत्नाकर मतकरींनी बालनाट्याची चळवळ वाढवली. त्या परंपरेतली कितीतरी नाटकं लहान मुलांनी बघावीत म्हणून लिहिलेली आणि मोठ्यांनी साकारलेली आहेत. चेटकीण, राक्षस, राजपुत्र हे नववीच्या मुलांना बालिश वाटतं, आणि त्यांचं बरोबर आहे. उलट मोठ्यांची एकांकिका त्यांच्या अंगावर ढगळ बसते. ऐतिहासिक नाटकातली लांबलचक स्वगतं मात्र शाळांना का आवडतात ते मला कळलेलं नाही. एक मूल तलवार उपसून चार मिनिटं बोलतं आणि मागे आठ मावळे भाले धरून पाय बदलत उभे असतात.

दुसऱ्याचं नाटक करताना लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या आणि ठरलं असेल ते मानधन द्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. ‘शाळेचं तर आहे’ हे कारण मुलांसमोर तरी नको. निर्मिती सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यालाच ते पत्र लिहू द्या. बाहेर सार्वजनिक प्रयोग किंवा स्पर्धा करायची असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागतं का ते स्पर्धेच्या नियमावलीत वेळेवर पाहून घ्या.

पूर्ण वर्गाला सामावून घेणारं आणि हक्कांची कटकट नसलेलं काही हवं असेल तर एकनाथांची भारुडं उघडा. वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर, विंचू चावलेला माणूस, अशी पात्रं आयती आहेत, ताल आहे, कोरस आहे, आणि मधे मधे आजचे संवाद घालायला मुबलक जागा आहे.

तरीही माझी पहिली पसंती मुलांनी स्वतः रचलेल्या नाटकाला. तीन महिन्यांत जमलेल्या प्रसंगांपैकी चार-पाच निवडा, ज्यांना एकच जागा किंवा एकच दिवस जोडू शकेल. प्रत्येक प्रसंग पुन्हा करून फोनवर ध्वनिमुद्रण घ्या. दोघं-तिघं ते शब्दशः उतरवतील. मग काटछाट: दोनदा आलेलं एकदा, दिसतंय ते बोलायचं नाही, आणि शेवटचं उपदेशाचं वाक्य नेहमी कापायचं. निवेदक घेऊ नका. शालेय नाटकात निवेदक आला की तो ‘आणि अशा प्रकारे’ म्हणत सगळी गोष्ट स्वतःच सांगून टाकतो. वीस-पंचवीस मिनिटांचं नाटक भरपूर झालं.

भूमिका आणि कामं

पहिली तीन वाचनं भूमिका न वाटता करा, प्रत्येक पानाला वाचणारा बदला. मुलींनी पुरुषपात्रं, मुलांनी स्त्रीपात्रं वाचावीत; ज्या रंगभूमीवर बालगंधर्व झाले तिथे यात लाजण्यासारखं काही नाही. वाचता वाचता कोणाच्या तोंडी काय सहज बसतं ते सगळ्यांनाच कळतं आणि वाटप करताना रुसवेफुगवे कमी होतात. मुख्य भूमिकेला दोन जण तयार ठेवा. जानेवारीत गोवर, कांजिण्या, नातेवाइकाचं लग्न यांपैकी काहीतरी येतंच.

अभिनय न करणाऱ्यांना उरलेली कामं द्यायची, असं करू नका. कामं नावानं जाहीर करा. नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, संगीत, प्रकाश, सामान, निर्मिती, प्रेक्षकव्यवस्था. सगळ्यात भरवशाच्या विद्यार्थ्याला रंगमंच व्यवस्थापक करा: कोण कुठल्या बाजूनं येतो, कुठली वस्तू कुठल्या टेबलावर, हे सगळं त्याच्या वहीत. तालमीच्या वेळी त्याचा शब्द तुमच्यापेक्षा वर असू द्या. अभिनयात न रमणारी कितीतरी मुलं या वहीमुळे नाटकात येतात.

तालमी

पहिल्या आठवड्यात हालचाली. संहितेची पानं हातात असली तरी चालेल, पण प्रत्येक हालचालीला कारण हवं: पाणी प्यायला उठला, त्याला टाळायला वळली. डावी-उजवी बाजू नटाच्या बाजूनं मोजायची, हे एकदा ठरवून टाका, नाहीतर रोज गोंधळ. एका ओळीत उभं राहण्याची सवय परत येईल; तेव्हा जुन्या स्थिर चित्रांची आठवण करून द्या.

पाठांतर घरी, तालमीत नाही. तारीख ठरवा, त्या दिवसापासून कागद बंद. शब्द विसरला तर विंगेतून सांगणारा कोणी ठेवू नका, जोडीदारानं सांभाळून घ्यायचं. हे जमतं, कारण तीन महिने त्यांनी तेच केलेलं आहे. विंगेतून ऐकू येणारा शब्द प्रेक्षकांना आधी कळतो आणि नटाला नंतर.

मग माईक. शाळांमधली चांगली नाटकं या एका गोष्टीनं बुडतात. पुढे तीन स्टँड उभे असतात आणि राजापासून चोरापर्यंत प्रत्येकजण बोलायच्या वेळी माईककडे धावतो, बोलतो, परत जातो. उपाय तांत्रिक नाही. पटांगणात हजार-बाराशे लोकांसमोर, मधे बक्षीस वितरण घुसवून, एक प्रयोग करण्यापेक्षा हॉलमध्ये दीडशे जणांसमोर माईकशिवाय तीन प्रयोग करा. मुख्याध्यापकांना पटवायला हे जड जाईल, कारण पालकांना मंडप हवा असतो. तरी भांडा. तीन प्रयोगांत मुलं जे शिकतात ते एका प्रयोगात शक्यच नाही. पहिल्या दिवशी जिथे हशा आला तिथे दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि का ते शोधावं लागतं.

शाळा सुटल्यानंतर तालमी असतील तर पालकांना वेळेसकट चिठ्ठी, दोन शिक्षक हजर आणि त्यात एक बाई, आणि अंधार पडण्याआधी सुट्टी. जवळ विद्यापीठाचा नाट्यविभाग असेल, जसं पुण्यात ललित कला केंद्र किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग, तर तिथल्या विद्यार्थ्यांना एक-दोन तालमी बघायला बोलवा. दिग्दर्शन करायला नाही, प्रश्न विचारायला.

नेपथ्यावर फार वेळ घालवू नका. दोन बाकं, चार स्टुलं, एक सतरंजी यांतून बस, दुकान, घर सगळं होतं. फ्लेक्सवर छापलेला वाडा मागे लावू नका, त्याच्यापुढे मुलं दिसेनाशी होतात. वेशभूषा घरातल्या कपड्यांची. रंग लावण्याआधी आदल्या दिवशी मनगटावर थोडासा लावून पाहा. वायर, दिवे, जोडण्या यांना मुलांनी हात लावायचा नाही. ते इलेक्ट्रिशियनचं काम, मुलांनी फक्त बटणाचा क्रम सांभाळायचा.

श्रेणी कशी द्यायची

‘अभिनय: दहापैकी’ असा रकाना ठेवलात की पुन्हा त्याच पाच-सहा मुलांना दहा पडतात. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतानं आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले. यातला सात्त्विक शाळेत मोजायच्या फंदात पडू नका. बाकी बरंच काही दिसतं आणि मोजता येतं. समोरच्याचं ऐकून प्रतिसाद देतो का? शेवटच्या रांगेला वाक्याचा शेवट पोचतो का? गटातलं दुसऱ्याचं सुचवणं घेतो का? सोपवलेलं काम वेळेवर करतो का? जुलैत कुठे होता आणि आता कुठे आहे? एका तासाला आठच मुलांचं निरीक्षण करा, वहीत एकेक ओळ लिहा. दीड-दोन महिन्यांत वर्ग पूर्ण होतो. जोडीला मुलांची स्वतःची नोंदवही, आठवड्याला पाच ओळी.

मुलांनी एकमेकांना अभिप्राय देताना क्रम पाळायचा: आधी काय दिसलं, मग काय समजलं नाही, आणि आवडीनिवडी सगळ्यात शेवटी. ‘मस्त झालं’ यावर कोणालाच पुढे काही करता येत नाही. ‘तू दार उघडलंस पण लावलं नाहीस’ यावर येतं.

प्रयोगाच्या दिवशी

मुलांना दोन तास आधी बोलवा आणि तासभर आधी जेवायला-खायला घाला. उपाशीपोटी चक्कर येणारं एक मूल दरवर्षी निघतं. सामानाचं टेबल व्यवस्थापकानं वहीप्रमाणे तपासायचं. नटराजाला नारळ फोडायचा तर फोडा, मुलांना ते आवडतं, पण पाणी रंगमंचावर सांडू देऊ नका. तिसऱ्या घंटेनंतर तुम्ही विंगेत थांबायचं नाही. प्रेक्षकांत जाऊन बसा. विंगेतून हातवारे करणारा शिक्षक दिसला की मुलं त्याच्याकडेच बघून नाटक करतात.

प्रयोगानंतर लगेच चुका काढू नका. दुसऱ्या दिवशीच्या तासाला, बघणाऱ्यांना दिलेल्या त्याच तीन पायऱ्यांनी चर्चा करा. उसनं आणलेलं सामान त्याच आठवड्यात परत जाऊ द्या. सुधारलेल्या संहितेची एक प्रत, व्यवस्थापकाची वही आणि परवानगीचं पत्र एका फाइलमध्ये घालून शाळेच्या ग्रंथालयात नोंदवा. जूनमध्ये नवीन आठवी आली की बंदीच्या यादीत आणखी काय घालायचं, ते या मुलांनाच विचारून त्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.